महिने, वर्षं, टक्के

१
रेडिएशन विभागाबाहेरच्या बाकावर कोणी गाव विचारत नाही. "तुमची कुठली?" म्हणजे गाठ कुठली. मी मामांच्या वतीने सांगितलं, "ग्लायोब्लास्टोमा." शेजारच्या ताई म्हणाल्या, "आमच्या पोराची मेड्युलो." त्यांनी फाइल उघडून दाखवली, मीही मामांची उघडली. दोन्ही रिपोर्टांवर एकच शब्द : ग्रेड ४.

मामा ७३ वर्षांचे. पोरगा ७ वर्षांचा.

२
घरी येऊन दोन्ही नावं वाचायला घेतली. ही वही त्या रात्रीपासूनची.

३
मामांच्या गाठीचा आकडा : १४.६ महिने. रॉजर स्टुप आणि सहकाऱ्यांनी २००५ साली ५७३ रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध केली. एका गटाला फक्त रेडिएशन, दुसऱ्याला रेडिएशनबरोबर टेमोझोलोमाइडच्या गोळ्या. पहिल्या गटातले निम्मे रुग्ण १२.१ महिने उलटेपर्यंत गेलेले होते, दुसऱ्यातले निम्मे १४.६ महिने उलटेपर्यंत. वीस वर्षांनंतरही नेहमीचा उपचार मुळात तोच आहे.

४
त्याच चाचणीचा पाच वर्षांनंतरचा हिशेब. फक्त रेडिएशन घेतलेल्यांपैकी शंभरात दोन हयात, गोळ्याही घेतलेल्यांपैकी शंभरात दहा.

महिन्यांत मोजलं तर फरक अडीचचा. माणसांत मोजलं तर आठांचा.

५
चाचणीत घेतलेले रुग्ण १८ ते ७० वयाचे होते. मला दोन रात्रींत पाठ झालेला आकडा मामांचा नव्हताच.

६
साठीपुढच्या रुग्णांसाठी कॅनडात झालेली चाचणी, २००४. १०० जण. काहींना सहा आठवड्यांत ३० वेळा रेडिएशन, काहींना तीन आठवड्यांत १५ वेळा. आयुष्य ५.१ महिने आणि ५.६ महिने, म्हणजे सारखंच.

पाच महिन्यांतले तीन आठवडे स्वतःच्या ओसरीवर गेले की या बाकावर, ते त्या दोन आकड्यांत दिसत नाही. पण ती चाचणी झाली म्हणून मामांना १५ वेळाच सांगितलं.

७
२०१७ : ६५ वर्षांपुढचे ५६२ रुग्ण, सगळ्यांना १५ वेळा रेडिएशन. सोबत गोळ्या घेतल्या तर ९.३ महिने, नाही घेतल्या तर ७.६. हा आकडा मामांच्या वयाचा. मामींना मी तो सांगितला नाही. त्यांनीही विचारला नाही.

८
डॉक्टर 'फ्रॅक्शन' म्हणतात. बाकावरचे सगळे 'लाईट' म्हणतात : "आज कितवी लाईट?" जुनी माणसं अजून 'शेक' म्हणतात. ताईंच्या पिशवीत कालनिर्णयची दोन पानं घडी घालून ठेवलेली होती, झालेल्या तारखांवर फुल्या. त्यांना ३० फुल्या हव्या होत्या.

९
मास्क. प्लास्टिकची जाळी गरम पाण्यात मऊ करतात, चेहऱ्यावर दाबून बसवतात. गार झाली की चेहऱ्याचा साचा तयार. रोज त्याच साच्यात डोकं अडकवून निपचित पडायचं, म्हणजे किरण तसूभर इकडेतिकडे जात नाहीत. पोराच्या मास्कवर तिथल्या टेक्निशियनने वाघाचे पट्टे रंगवून दिले होते. मामांचा पांढराच होता.

१०
मेड्युलोब्लास्टोमा हे नाव पर्सिवल बेली आणि हार्वे कुशिंग यांनी १९२५ साली दिलं. कुशिंग त्या काळातले सर्वांत निष्णात मेंदू-शल्यविशारद. १९३० साली त्यांनी आपल्या ६१ रुग्णांचा हिशेब मांडला. तीन वर्षं पार केलेला रुग्ण एक.

११
१९५३, मँचेस्टर. पॅटरसन आणि फार यांनी नुसत्या गाठीच्या जागेवर न थांबता पूर्ण मेंदू आणि पूर्ण मणका रेडिएशनखाली घेतला. या गाठीच्या पेशी मेंदूभोवतीच्या पाण्यातून मणक्यात उतरतात, म्हणून. तीन वर्षं पार करणारे निम्म्याहून जास्त झाले.

१२
मग पुढची पन्नास वर्षं उलट दिशेने काम : मुलं वाचतात, तर आता किती कमी रेडिएशनमध्ये वाचतील? वाढत्या मेंदूवर आणि मणक्यावर किरण पडले की उंची खुंटते, शाळेत मागे पडतात, संप्रेरकं बिघडतात. पसरलेली गाठ नसेल तर ३६ ग्रेवरून २३.४ ग्रेवर आले, सोबत केमो दिली. पाच वर्षांनी ८६ टक्के मुलं हयात.

आणखी खाली, १८ ग्रेवर, जाऊन पाहिलं. तीन ते सात वर्षांच्या मुलांत आजार पुन्हा उलटण्याचं प्रमाण वाढलं. परत २३.४ वर आले. (ग्रे : किरणांची मात्रा मोजायचं माप.)

१३
ताईंना फाइलमधली तीन इंग्रजी अक्षरं वाचता येत नव्हती, पण ती चांगली आहेत एवढं त्यांना डॉक्टरांनी सांगितलं होतं. मेड्युलोचे आता जनुकांवरून चार मुख्य गट करतात. डब्ल्यूएनटी गटातली शंभरातली नव्वदहून जास्त मुलं पाच वर्षांनी हयात असतात. तिसऱ्या गटात, त्यातही एमवायसी जनुकाच्या जादा प्रती असल्या तर, निम्मीही नसतात. सूक्ष्मदर्शकाखाली सगळ्या निळसर, गोल, लहान, दाटीवाटीने बसलेल्या पेशी.

१४
मुंबईत टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी विचारलं : डब्ल्यूएनटी गटातली मुलं इतकी चांगली तरतात, तर त्यांच्या मणक्याला रेडिएशन द्यायचं टाळता येईल का? फक्त गाठीच्या जागेवर देऊन पाहिलं. काही मुलांत गाठ मेंदू-मणक्यात दुसरीकडे उलटली. चाचणी मुदतीआधी थांबवली आणि नको असलेलं उत्तर छापून सगळ्यांसमोर ठेवलं. आता दुसऱ्या कुठल्या मुलावर तो प्रश्न पुन्हा तसाच विचारावा लागणार नाही.

१५
ऑपरेशननंतर पोरगा अकरा दिवस बोलला नव्हता. ताईंना वाटलं, आवाजच गेला. लहान मेंदूतली ही गाठ काढल्यावर चारांतल्या जवळजवळ एका मुलाचं बोलणं असं थांबतं, काहींचं महिनोन्‌महिने. बाराव्या दिवशी त्याने पाणी मागितलं. ताई म्हणाल्या, "इतकी वर्षं बडबड करू नको म्हणून ओरडत होते."

१६
गाठ किती काढायची :
ग्लायोब्लास्टोमा : जेवढी सुरक्षितपणे काढता येईल तेवढी सगळी.
मेड्युलोब्लास्टोमा : तसंच, आणि मग पूर्ण मणका तपासायचा.
मेंदूतला लिम्फोमा : बायोप्सीपुरता तुकडा, बाकी औषधावर.
जर्मिनोमा : पुष्कळदा बायोप्सीपुरताच, बाकी रेडिएशनवर.
मेंदूच्या देठातली, पॉन्समधली पसरट गाठ : काढता येत नाही.

१७
१९२८ साली वॉल्टर डँडी यांनी ग्लायोमाच्या रुग्णांच्या मेंदूचा उजवा अर्धा भाग पूर्ण काढल्याचा वृत्तान्त दिला. डावी बाजू आधीच लुळी पडलेले रुग्ण होते ते. त्यांच्यातही गाठ परतली.

१८
जर्मनीतली चाचणी, २००६. ऑपरेशनआधी रुग्णाला एक द्रावण प्यायला देतात. निळ्या प्रकाशात गाठीच्या पेशी गुलाबी-लाल चमकतात, निरोगी मेंदू निळा राहतो. या उजेडात ६५ टक्के रुग्णांची दिसणारी गाठ पूर्ण निघाली, नेहमीच्या पांढऱ्या उजेडात ३६ टक्क्यांची. सहा महिन्यांनी गाठ न वाढलेले रुग्ण ४१ टक्के, एरवी २१.

चमकत नाहीत अशा पेशीही असतात. डँडींना दिसल्या नाहीत त्या ह्याच.

१९
स्टेरॉइड सुरू झालं आणि दुसऱ्या दिवशी मामांचा उजवा हात वर झाला. तिसऱ्या दिवशी त्यांनी पेपर वाचला. चौथ्या दिवशी भूक लागली, मामींनी पुरणपोळ्या केल्या. सगळ्यांनी म्हटलं, गुण आला. उतरली होती ती गाठीभोवतीची सूज. गाठ होती तेवढीच होती. पण ती पुरणपोळी खरी होती, मामांनी ती स्वतःच्या हाताने खाल्ली.

२०
मेंदूतल्या लिम्फोमात हेच स्टेरॉइड गाठ खरोखर वितळवतं. स्कॅनमध्ये डाग दिसेनासा होतो, बायोप्सीत काही सापडत नाही, नाव ठरत नाही. काही आठवड्यांनी गाठ परत येते. म्हणून लिम्फोमाचा संशय असेल आणि रुग्ण तग धरू शकत असेल, तर तुकडा काढेपर्यंत स्टेरॉइड देत नाहीत.

एका गाठीत पहिल्या तासाला द्यायचं औषध दुसऱ्या गाठीत राखून ठेवायचं.

२१
लिम्फोमाला पूर्वी पूर्ण मेंदूवर रेडिएशन देत. डाग झपाट्याने विरघळे, आणि निम्मे रुग्ण वर्षभराच्या आसपास जात. अंगात इतरत्र होणाऱ्या लिम्फोमाची नेहमीची केमो इथे पुरेशी पोहोचत नाही, रक्त आणि मेंदू यांच्यामधली भिंत तिला अडवते. मेथोट्रेक्सेट मोठ्या मात्रेत शिरेतून दिलं तर भिंत ओलांडतं. त्याला आणखी तीन औषधं जोडून केलेल्या युरोपातल्या चाचणीत सात वर्षांनी ५६ टक्के रुग्ण हयात होते.

त्या चाचणीतही वयाची मर्यादा ७० होती.

२२
ऑलिगोडेंड्रोग्लिओमा. १९९४ पासून अमेरिका-कॅनडात २९१ रुग्ण घेऊन चाचणी सुरू झाली : रेडिएशन, किंवा रेडिएशन आणि पीसीव्ही ही तीन औषधांची केमो. २००६ साली पहिला निकाल : आयुर्मानात फरक नाही.

चाचणी चालवणाऱ्यांनी रुग्णांची विचारपूस सोडली नाही.

२०१३ साली दुसरा निकाल. ज्यांच्या गाठीत १पी आणि १९क्यू हे गुणसूत्रांचे दोन तुकडे गळालेले होते, त्यांच्यात नुसतं रेडिएशन ७.३ वर्षं, केमोसह १४.७ वर्षं. दुप्पट. सात वर्षांपूर्वीही हेच रुग्ण होते आणि हीच औषधं.

२३
एमजीएमटी हे पेशीतलं दुरुस्तीचं प्रथिन. टेमोझोलोमाइड गाठीच्या पेशीचा डीएनए बिघडवतं, एमजीएमटी तो नीट करून ठेवतं. काही गाठींत त्याच्या जनुकाला कुलूप लागलेलं असतं, दुरुस्ती बंद. अशा रुग्णांना गोळ्यांसह २१.७ महिने. कुलूप नसलेल्यांना १२.७.

मामांच्या गाठीला कुलूप नव्हतं. "म्हणजे काय?" मामींनी विचारलं. मी म्हटलं, गोळ्या थोड्या कमी लागू पडतील. डॉक्टरांनी तरीही दिल्या, कारण वय ७३ असलं तरी मामा चालत-फिरत होते.

२४
बेव्हासिझुमॅब. गाठीला रक्त पुरवणाऱ्या नव्या वाहिन्यांवर काम करतं. २०१४ साली दोन मोठ्या चाचण्या एकदमच प्रसिद्ध झाल्या. दोन्हींत स्कॅन जास्त दिवस स्वच्छ राहिले. दोन्हींत माणसं जास्त दिवस जगली नाहीत.

२५
२००८ साली ग्लायोब्लास्टोमाच्या काही गाठींत आयडीएच जनुकातला बदल सापडला. असा बदल असलेले रुग्ण बहुधा तरुण, आणि कितीतरी जास्त जगणारे. २०२१ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात त्यांना ग्लायोब्लास्टोमातून बाहेर काढलं, वेगळं नाव दिलं. उलट काही गाठी सूक्ष्मदर्शकाखाली सौम्य दिसतात, पण जनुकं ग्लायोब्लास्टोमाची असतात. त्यांना आत घेतलं.

२००५ च्या ५७३ जणांत हा बदल असलेले आणि नसलेले मिसळलेले होते. जुन्या पेपरातला 'ग्लायोब्लास्टोमा' आणि मामांच्या रिपोर्टवरचा 'ग्लायोब्लास्टोमा' हे आता नेमके एकच शब्द राहिलेले नाहीत.

२६
त्याच वर्गीकरणात ग्रेडचे रोमन आकडे गेले, साधे आले. दोनाच्या जागी तीन वाचलं जाऊ नये म्हणून. एका रेघेचा फरक, आणि त्यावर केमो द्यायची की वाट पाहायची ते ठरणार.

२७
आयडीएच बदल असलेल्या, ऑपरेशन झालेल्या ग्रेड २ च्या रुग्णांना व्होरासिडेनिबची रोज एक गोळी. २०२३ चा निकाल : गाठ न वाढता २७.७ महिने. नुसत्या साखरेच्या गोळीवर ११.१. ही मंडळी बहुतेक तिशी-चाळिशीतली, नोकरी करणारी, मुलं शाळेत असणारी. रेडिएशन जितकं पुढे ढकलता येईल तितकी स्मरणशक्ती जास्त वर्षं शाबूत.

२८
पॉन्समधली पसरट गाठ. बहुधा पाच ते दहा वर्षांच्या मुलांत. डोळे तिरळे होतात, चाल डळमळते, बोलणं जड होतं. रेडिएशनने काही महिने बरे जातात. निम्मी मुलं वर्षभराच्या आत जातात. दोन वर्षं गाठणारं मूल दहांत एकही भरत नाही.

नील आर्मस्ट्राँग यांची मुलगी कॅरन याच गाठीने जानेवारी १९६२ मध्ये गेली. दोन वर्षांची होती. तिला रेडिएशन दिलं होतं.

१९६९ : चंद्र.

आज निदान झालेल्या मुलाला पहिला उपचार : रेडिएशन.

२९
२०२४ साली स्टॅनफर्डहून बातमी. अशाच गाठींच्या ११ तरुण रुग्णांना त्यांच्याच रक्तातल्या, प्रयोगशाळेत शिकवून तयार केलेल्या संरक्षक पेशी दिल्या. चौघांची गाठ निम्म्याहून जास्त आक्रसली. त्यांतल्या एकाची पूर्ण नाहीशी झाली आणि अडीच वर्षांनंतरही परतलेली नव्हती.

एक. या गाठीच्या पानावर हा आकडा मी दोनदा अधोरेखित केला आहे.

३०
जर्मिनोमा. बहुधा किशोरवयीन मुलं, मेंदूच्या मध्यरेषेवरची गाठ, जपानमध्ये पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त. तिथे पूर्वी खोलवरची बायोप्सी टाळायला थोडं रेडिएशन देऊन पाहत. गाठ झरझर विरघळली तर निदान पक्कं. नव्वद टक्क्यांहून जास्त मुलं बरी होतात.

पॉन्सपासून ही जागा बोटभर वर असेल.

३१
दुसरीकडून मेंदूत आलेल्या गाठी, मेंदूत जन्मलेल्या गाठींपेक्षा संख्येने जास्त. १९९० ची चाचणी : मेंदूत एकच गाठ आलेले ४८ रुग्ण. ऑपरेशन आणि रेडिएशन मिळालेले ४० आठवडे, नुसतं रेडिएशन मिळालेले १५ आठवडे.

२०१६ ची चाचणी : ऑपरेशन किंवा नेमक्या जागीचं रेडिएशन शक्य नसलेले फुप्फुसाच्या कर्करोगाचे ५३८ रुग्ण. पूर्ण मेंदूवर रेडिएशन घेतलेले ९.२ आठवडे, न घेतलेले ८.५. बरे गेलेले दिवस वेगळे मोजले तर ४६ आणि ४२.

चार-पाच दिवस. त्यासाठी पाच वेळा टेबलावर झोपायचं की नाही, हे रुग्णाने ठरवायचं, आणि त्याला ते कळेल अशा भाषेत सांगायचं.

३२
वही चाळताना दिसलं :
ग्लायोब्लास्टोमाची पानं महिन्यांत.
ऑलिगोची वर्षांत.
मेड्युलोची टक्क्यांत.
बाहेरून आलेल्या गाठींची आठवड्यांत आणि दिवसांत.

३३
बाकावर ही तुलना रोज चालते. "त्यांच्या मेहुण्याला पण डोक्यातच होती, आयुर्वेदिक घेतलं, आज आठ वर्षं झाली." कुठली होती, हे कोणी विचारत नाही. मेनिन्जिओमाही डोक्यातच असतो, आणि बहुतेक वेळा कर्करोग नसतो.

ऐकणाऱ्याने त्या दिवशी आपली लाईट चुकवली.

३४
टाटा मेमोरियलमधली आणखी एक चाचणी, २०१७ साली प्रसिद्ध. ३ ते २५ वयाचे २०० रुग्ण, सौम्य आणि कमी ग्रेडच्या गाठी. एका गटाला नेहमीच्या पद्धतीने रेडिएशन, दुसऱ्याला गाठीच्या आकाराबरहुकूम बेतलेलं. जगण्यात फरक नाही. पाच वर्षं बुद्ध्यांक मोजत राहिले : बेतलेल्या गटाचा जास्त चांगला टिकला.

किती जगले हे विचारून थांबले असते, तर निकाल 'फरक नाही' असा लागला असता.

३५
दादरची गाडगे महाराज धर्मशाळा. ताई तिथे राहत. एका खोलीत, एका नळावर, निरनिराळ्या जिल्ह्यांतल्या निरनिराळ्या गाठी. सहा आठवड्यांचा उपचार सहा आठवडे पूर्ण व्हायला आधी सहा आठवडे डोक्यावर छप्पर लागतं. चाचण्यांच्या तक्त्यात या छपराचा रकाना मला अजून कुठे दिसलेला नाही.

३६
मामांची पंधरावी लाईट झाली त्या दिवशी पोराची बाविसावी होती. मामांनी खिशातलं पेन त्याला दिलं. त्याने विचारलं, "आजोबा, तुमची संपली, आमची का नाही?" मामा म्हणाले, "तुला लांब जायचंय."

३७
मामा अकरा महिन्यांनी गेले. त्यांच्या वयाच्या आकड्यापेक्षा पावणेदोन महिने जास्त. त्या पावणेदोन महिन्यांत नातीचं बारसं झालं. नाव मामांनी सुचवलं, शब्द जुळवताना त्रास होत होता तरी.

३८
या जूनमध्ये ताईंचा फोन आला. पोरगा आठवीत गेला. वर्गात सगळ्यांत बुटका. केमोने दोन्ही कान मंद झालेत, गणिताला वेळ जास्त द्यावा लागतो. शिक्षकांनी त्याला पहिल्या बाकावर बसवलंय, खिडकीकडच्या टोकाला, म्हणजे त्यातल्या त्यात बरा कान फळ्याकडे येतो.